उंबरठा न तासता: एका जुन्या दगडी मंदिराच्या कामाच्या नोंदी

५ नोव्हेंबर

पावसाळा पूर्ण ओसरला, आज कामाचा पहिला दिवस. टेप, कॅमेरा, वही सगळं गाडीतच ठेवलं आणि मंदिराभोवती नुसत्या फेऱ्या मारल्या. जोतं शाबूत आहे. मंडप, अंतराळ (मंडप आणि गर्भगृह यांच्या मधली जागा), गर्भगृह उभं आहे. शिखराचा वरचा भाग गेलेला. उत्तरेचं उपमंदिर ढासळलंय, त्याचे दगड आवारभर पसरलेत, काही तर बसायला बाकासारखे वापरात आहेत. मंडपाच्या छतावर कुणीतरी कधीकाळी सिमेंटचा जाड थर ओतलाय, भिंतींच्या दरजाही सिमेंटनं भरल्यात. दक्षिणेच्या भिंतीतून पिंपळ वर आलाय.

दुपारी दोघी आल्या, सासू-सुना असाव्यात. सून वर गेली. आजी पायरीशीच थांबल्या, चपला काढल्या आणि तिथूनच हात जोडले. "वर नाही का येत?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "गुडघे ऐकत नाहीत रे बाबा. चार वर्षं झाली, इथूनच नमस्कार करते. आत दिसत काही नाही, पण असू दे."

पायऱ्या मोजल्या. पाच आहेत, पैकी पहिली तुटकी. कठडा नाही.

८ नोव्हेंबर

मोजणी सुरू. जोत्याची उंची ८४ सेंमी. मंडपाला दोन दारं, पूर्वेचं मुख्य आणि दक्षिणेचं बाजूचं. दक्षिणेच्या दाराची मोकळी रुंदी ९६ सेंमी, उंबरठा साधा, ६ सेंमीचा. गर्भगृहाचा उंबरठा मात्र ३४ सेंमी उंच आणि भरपूर कोरलेला: मधोमध पुढे आलेला मंदारक (अर्धगोल कोरीव भाग), दोन्ही बाजूंना कीर्तिमुखं, म्हणजे सिंहासारखे उग्र चेहरे. उजव्या कीर्तिमुखाचं नाक-तोंड झिजून गुळगुळीत झालंय. आत जाताना सगळ्यांचा पाय नेमका तिथेच पडतो.

भेगांवर काचपट्ट्या बसवल्या, एकूण ११. दोन्ही टोकांना प्लास्टरची टिकली, शेजारी तारीख. भेग हलली तर काच तडकते. एवढ्या साध्या उपायानं जे कळतं ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पट्ट्या दर सोमवारी बघायच्या.

१५ नोव्हेंबर

विखुरलेल्या दगडांची गणती आणि क्रमांक. प्रत्येक दगडाचे सहा फोटो, सहा बाजूंची मापं, कुठे सापडला त्याची जागा आराखड्यावर. नोंदीच्या तीन प्रती: एक इथे, एक कार्यालयात, एक तिसऱ्याच ठिकाणी.

तरुण सहकाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतंय, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. म्हणून संध्याकाळी त्यांना कंबोडियातल्या बाफुओन मंदिराची हकिगत सांगितली. १९६० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांनी ते मंदिर पुन्हा रचण्यासाठी उतरवायला घेतलं. जवळजवळ तीन लाख दगड नीट क्रमांक देऊन जंगलात मांडून ठेवले. मग युद्ध आलं, काम थांबलं, आणि ख्मेर रूज राजवटीच्या काळात त्या क्रमांकांची सगळी कागदपत्रं नष्ट झाली. दगड जागेवर होते, पण कुठला कुठे बसतो हे सांगणारं काही उरलं नव्हतं. १९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झालं ते अवघं कोडं नव्यानं सोडवत, आणि २०११ मध्ये संपलं.

त्यानंतर तिसऱ्या प्रतीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

२२ नोव्हेंबर

आधी पाणी, मग दगड, मग माणसं. कामाचा हा क्रम आज भिंतीवर लिहून ठेवला. जुन्या इमारतीचं बहुतेक दुखणं पाण्यातून सुरू होतं. जावातलं बोरोबुदुर आठवतं. टेकडीवर रचलेला तो स्तूप आतल्या मातीत मुरणाऱ्या पावसाच्या पाण्यानं खचत होता, भिंती बाहेर कलत होत्या. युनेस्कोच्या मदतीनं झालेलं आणि १९८३ मध्ये पूर्ण झालेलं ते प्रचंड काम म्हणजे मुळात पाण्याचा निचरा करण्याचं काम होतं. दहा लाखांहून जास्त दगड उतरवले, मागे पाणी वाहून नेणारी व्यवस्था केली आणि दगड परत बसवले. बघायला जाणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. तसंच असायला हवं.

इथे छतावर चार घागरी पाणी ओतून पाहिलं. सिमेंटच्या थराला पडलेल्या तड्यांतून ते आत शिरलं आणि अर्ध्या तासानं मंडपाच्या वायव्य कोपऱ्यात, तुळईच्या टोकाशी ठिबकायला लागलं. म्हणजे गळती थांबवायला टाकलेल्या थराखालीच पाणी साठतंय आणि त्याला बाहेर पडायला वाट उरलेली नाही.

२ डिसेंबर

सिमेंट उतरवायला सुरुवात. मशीन नाही, फक्त छिन्नी आणि हलका हातोडा. ब्रेकरची धडधड दगडी छताला सोसणार नाही. दिवसाला जेमतेम दीड चौरस मीटर होतंय.

सिमेंट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. या भिंतीसाठी ते चुकीचं आहे, एवढंच. दगड आणि चुना दोघंही थोडं पाणी पितात आणि उन्हात सोडून देतात. दरजेत सिमेंट भरलं की ती वाट बंद होते आणि पाणी दगडातूनच बाहेर पडू लागतं. येताना ते क्षार घेऊन येतं. पृष्ठभागाशी क्षारांचे स्फटिक फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दक्षिणेच्या भिंतीला लोणा लागलाय तो बरोबर सिमेंटच्या दरजांच्या कडेनंच. शिवाय सिमेंट चुन्यापेक्षा ताठ असतं. उन्हानं भिंत थोडी ताणली की तुटायला हवी दरज, इथे तुटतो दगड.

थराखाली मूळ छताचे दगड मिळाले. आग्नेयेकडे नीट उतार आहे आणि टोकाला मकरमुखी प्रणाल, म्हणजे मगरीसारख्या तोंडाची पाणी बाहेर टाकणारी पन्हळ. तोंडात माती, पानं, सिमेंटचा गोळा. बांधणाऱ्यांनी पाण्याची वाट केली होती. ती आम्हीच, म्हणजे आमच्या आधीच्या कुणीतरी चांगल्या हेतूनं बुजवली.

९ डिसेंबर

चुना. कळीचा चुना विझवून हौदात पाण्याखाली मुरत ठेवलाय तो आल्या दिवसापासून. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. आज चार नमुना-पट्ट्या लावल्या: वाळूचं प्रमाण वेगवेगळं, दोनांत सुरखी, म्हणजे विटेची भुकटी. गवंडीकाकांचा हात सुरखीच्या मिश्रणावर बसलाय. मलाही तेच पटतं, ओलसर जागी ते लवकर धरतं.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होत जातो. त्याला घाई चालत नाही. पोत्यांनी झाकून ओलं ठेवणं, ऊन टाळणं हे सगळं करावंच लागतं. नमुन्यांना चार आठवडे हात लावायचा नाही.

१८ डिसेंबर

पिंपळ. ओढून काढला तर भिंत सोबत येईल. खोड कापलं, मुळं जिवंत राहिली तर पुन्हा फुटतील म्हणून त्यांच्यावर जागच्या जागी उपचार केला, आणि जिथे मूळ मनगटाहून जाड आहे तिथले नऊ दगड क्रमांक टाकून उतरवायचे ठरवलं. कंबोडियातल्या ता प्रोम मंदिरात झाडं राखली, कारण तिथे झाड आणि मंदिर आता एकमेकांवरच उभे आहेत. इथे तशी वेळ आलेली नाही आणि येऊ द्यायची नाही.

४ जानेवारी

सात नंबरची काच तडकली. वायव्येची तुळई, जिथे पाणी ठिबकत होतं तीच.

परांची उभारून जवळून पाहिलं. तुळईच्या टोकात जुन्या दुरुस्तीतली लोखंडी पकड आहे. ती गंजलीय. गंजलं की लोखंड फुगतं, आणि त्या फुगण्यानं दगड आतून फाडला. हाच प्रकार अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये मोठ्या प्रमाणावर घडला. मूळ ग्रीक कारागिरांनी लोखंडी पकडी शिशात बुडवून बसवल्या होत्या. त्या शतकानुशतकं टिकल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस या अभियंत्यानं केलेल्या दुरुस्तीत साधं लोखंड वापरलं गेलं, शिशाचं कवच नव्हतं, आणि काही दशकांत संगमरवर तडकू लागला. १९७५ पासून तिथली समिती ते लोखंड काढून टायटॅनियम बसवतेय.

आम्ही टेकू देऊन तुळईचा भार घेतला. पकड बाहेर काढायला तीन दिवस लागतील. तिच्या जागी स्टेनलेस स्टीलची सळई, चुन्यात. मनाला लागलेली गोष्ट अशी की जुनी पकड बसवणारा माणूस निष्काळजी नव्हता. काम अगदी सफाईचं आहे.

१६ जानेवारी

आज बैठक, उपमंदिरावरून. गावातली मंडळी, पुजारीकाका, आम्ही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "दगड आहेत, पैसे जमतायत, तर पूर्ण बांधून टाका. शिखरासकट." एक काका म्हणाले, "बटेश्वरला उभी केली की नाही? ढिगाऱ्यातून ऐंशी देवळं!"

उदाहरण खरं आहे आणि मलाही फार प्रिय आहे. मुरैना जिल्ह्यातल्या बटेश्वरला २००५ पासून के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं ढिगाऱ्यांतून मंदिरं पुन्हा उभी केली. पण तिथे मूळ दगड होते. विखुरलेले होते, पण होते. आमची गणती मी समोर मांडली: उपमंदिराचे २१२ दगड सापडले, त्यातल्या १३१ ची जागा खात्रीनं सांगता येते, आणि ते जवळजवळ सगळे भिंतीच्या खालच्या थरांचे आहेत. शिखराचे फक्त सहा.

जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत नवव्या कलमात म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. जावातल्या प्रंबानानला डच पुरातत्त्वज्ञांनी नियम घातला होता की मूळ दगडांपैकी निदान ७५ टक्के हाती असतील तरच ते देऊळ पुन्हा रचायचं. म्हणून तिथे मुख्य शिवमंदिर १९५३ मध्ये पुन्हा उभं राहिलं आणि आजूबाजूची कितीतरी छोटी देवळं अजून पायापुरतीच आहेत. बघणाऱ्याला तिथे काय उरलं आणि काय गेलं, दोन्ही कळतं.

हे सांगितलं तेव्हा कुणी वाद घातला नाही, पण मंडळी नाराज झाली हे स्पष्ट होतं. त्यांची नाराजी मला खोटी वाटत नाही. ज्यांच्या पिढ्यांनी इथे दिवा लावला त्यांना देव उघड्यावर बघवत नाही. शेवटी ठरलं ते असं: भिंत तिसऱ्या थरापर्यंत रचायची, मूळ दगडांतून, मूळ जागी. त्यावर काही नाही. सहा शिखर-दगड शेजारी चौथऱ्यावर मांडायचे, त्यांच्या मूळ क्रमानं. पुजारीकाका उठताना म्हणाले, "निदान पावलाखाली तरी येणार नाहीत आता." बाकासारखे वापरले जाणारे दगड त्यांनाही सलत होते तर.

२९ जानेवारी

नवीन दगड फक्त जिथे भार आहे तिथेच, एकूण १४. खाण शोधायला वेळ गेला. रंग जुळला, कणही बरेचसे जुळतात.

आज पाथरवटकाकांशी अवघड बोलणं झालं. द्वारशाखेचा, म्हणजे दाराच्या कोरीव चौकटीचा, एक तुकडा गेलाय. त्यांनी शेजारचं कमळ पाहून कागदावर हुबेहूब काढून आणलं होतं. हात विलक्षण आहे त्यांचा. मी म्हटलं, "काका, इथे फक्त बाह्य आकार ठेवायचा. पाकळ्या नाही कोरायच्या."

"मला येत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"येतं म्हणूनच सांगतोय. तुम्ही कोरलंत तर शंभर वर्षांनी कुणाला कळणार नाही की हे जुनं की तुमचं. जुन्या कारागिराचं श्रेय तुम्हाला जाईल नाहीतर तुमचं त्याला."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "मागच्या बाजूला आजचं साल घालू का? भिंतीत जाईल, दिसणार नाही." घाला म्हटलं. प्रत्येक नव्या दगडाच्या पाठीवर साल येणार आहे. पुढे कुणी भिंत उघडली तर त्याला मिळेल.

१० फेब्रुवारी

खांबांवर ऑइलपेंटचे तीन थर, गर्भगृहात तेला-धुराची काजळी. खांबांचा रंग काढायचा, काजळीला मात्र हात लावायचा नाही. ती पूजेची आहे आणि खालच्या दगडाला त्रास देत नाही असं तपासणीत दिसलं.

वाळूचा फवारा मारून एका दिवसात मंदिर चकाचक करून देणारे दोघंजण स्वतःहून येऊन गेले. त्यांना परत पाठवलं. असा फवारा रंगाबरोबर छिन्नीच्या मूळ खुणाही नेतो आणि दगडाचं तोंड उघडं पाडतो. आम्ही हातभर जागेवर नमुना घेतला: लेप लावून रंग मऊ करायचा, लाकडी पट्टीनं उचलायचा, मऊ ब्रश, साधं पाणी. एका खांबाला आठ दिवस.

"मूर्तीला वज्रलेप करा", म्हणजे ती टिकावी म्हणून वरून लेप द्या, ही मागणी पुन्हा आली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती आहे, त्यात टेंभुर्णीची कच्ची फळं, कवठं, सावरीची फुलं असं बरंच काही आहे. आज त्या नावाखाली बहुतेक वेळा कृत्रिम राळ लावली जाते. अजिंठ्याचं उदाहरण सांगितलं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, थर दिला. काही काळानं तोच पिवळा-तपकिरी पडून चित्रांवर पडदा झाला, आणि तो काढण्यात पुढच्या पिढ्यांची वर्षं गेली. जे पुन्हा काढता येणार नाही ते लावायचं नाही. निर्णय पुढे ढकलला, म्हणजे माझ्या बाजूनं नकारच.

२४ फेब्रुवारी

आता माणसं.

कोणार्कचा विचार डोक्यातून जात नाही. तिथला जगमोहन (गाभाऱ्यापुढचा मंडप) कोसळू नये म्हणून १९०३ मध्ये त्यात वाळू भरून दारं चिणली. इमारत वाचली. पण त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं आत कुणाला जाता आलं नाही. तेव्हा दुसरा मार्ग नसेलही. तरी मंदिर ही आत जाण्यासाठी बांधलेली वस्तू आहे आणि दार बंद ठेवून ते अर्धंच वाचतं, असं मला वाटत राहतं. आपल्या आजी पायरीशी उभ्या राहतात तेव्हा त्यांच्यापुरतं दार चिणलेलंच असतं.

पायऱ्या न चढता वर जाता यावं म्हणून उतार करायचा. त्याचा हिशोब: जोतं ८४ सेंमी. १:१२ धरला, म्हणजे बारा सेंमी लांबीला एक सेंमी चढ, तर दहा मीटरांहून थोडी जास्त लांबी. दक्षिणेच्या अंगानं ठेवला तर समोरून दिसणार नाही आणि बाजूच्या दाराचा उंबरठा कमी आहे. कागदावर छान जमलं. लाकडी फळ्यांचा तात्पुरता नमुना उभा करतोय.

३ मार्च

नमुन्याची चाचणी. जवळच्या शाळेतले एक शिक्षक आले होते, वीस वर्षं व्हीलचेअर वापरतात. आमच्या कागदाची त्यांनी पंधरा मिनिटांत चिरफाड केली, आणि बरं झालं.

पहिलं, वळण. आम्ही मधला सपाट भाग १.२ मीटरचा ठेवला होता. खुर्ची वळताना मागचं चाक कठड्यात अडकलं. दीड मीटर हवा, हे आम्हाला माहीत होतं, तरी जागा वाचवायला गेलो. माझी चूक. दुसरं, चढ. १:१२ नियमात बसतो, पण त्यांनी मधेच थांबून दम घेतला. "मागून कुणी ढकलणार असेल तर ठीक आहे. एकट्यानं यायचं तर अजून सोपा करा." तिसरं, कठडा खालच्या उंचीवरही हवा, मुलांसाठी आणि खुर्चीतून धरण्यासाठी.

चौथं मी लिहून ठेवलंय जसंच्या तसं. वर पोहोचल्यावर ते म्हणाले, "सर, हे सगळं चांगलंय. पण मी घरच्यांबरोबर आलो तर ते समोरून जाणार, मी एकटा बाजूनं. प्रत्येक ठिकाणी असंच असतं. मागचं दार, मालाची लिफ्ट, स्वयंपाकघराची वाट. देवाच्या दारात तरी एका वाटेनं येऊ द्या."

मंडपात आल्यावर आणखी एक गोष्ट कळली. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून गर्भगृहातली मूर्ती दिसतच नव्हती. उंबरठा आड येत नव्हता. आड येत होती दानपेटी. मी शेकडो वेळा तिथून गेलोय, उभ्यानं. स्वतः खुर्चीत बसून पाहिलं तेव्हा समोर फक्त पेटीचं कुलूप दिसलं. पुजारीकाकांनी त्याच क्षणी दोघांना हाक मारून पेटी भिंतीकडे सरकवली.

१२ मार्च

आठवडाभर आराखडा उलटसुलट केला आणि उत्तर जुन्या पायऱ्यांत मिळालं. पूर्वेच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी चंद्रशिळा (अर्धचंद्राकार दगड) आहे, तिची झीज मोजली तर मधोमध जवळजवळ दोन सेंमीचा खोलगटपणा. पायऱ्यांच्या कडाही गेल्यात. येणारा आणि जाणारा प्रत्येक माणूस तिच्यावरून जातो. तो भार निम्मा करायला हवाच होता.

मग सगळ्यांचीच येण्याची वाट उतारावरून का नको? वाट पूर्वेला, पायऱ्यांच्या समोरूनच सुरू होईल, डावीकडे वळेल, दक्षिणेच्या अंगानं चढून बाजूच्या दारातून मंडपात जाईल. सगळे तिथूनच येतील: आजी, शिक्षक, पोरंसोरं, आम्ही. पायऱ्या फक्त उतरायला, लाकडी तुळ्यांचा कठडा लावून. ज्यांना पायऱ्या नकोत ते उतारावरूनच परत. मंदिराला शिल्पांच्या बाजूनं वळसा पडतो आणि दक्षिणेचं सगळं शिल्प जाता जाता डोळ्यांसमोर येतं, हा वरचा लाभ.

चढ १:१६. लांबी साडेतेरा मीटर आणि मधे दीड मीटर सपाट, जोत्याची दक्षिण बाजू १७ मीटर, म्हणजे बसतं. पोलादी सांगाडा, वर लाकडी फळ्या, स्वतःच्या पायांवर उभा. जोत्यापासून पाच सेंमी सुटा, कुठेही टेकत नाही, एकही भोक नाही. पाया खणायचा नाही, कारण जोत्याशेजारच्या मातीत काय आहे हे अजून कुणी पाहिलेलं नाही. कापडी थरावर वाळू, वाळूवर तयार ठोकळे. उद्या कुणाला याहून चांगलं सुचलं तर दोन दिवसांत नट सोडून उचलता येईल.

दक्षिणेच्या ६ सेंमीच्या उंबरठ्यावर लाकडी पाचर, तीही सुटी. गर्भगृहाच्या उंबरठ्याचा प्रश्न उरला. काही जणांनी सुचवलं, मधला भाग तासून सपाट करा. ते होणार नाही. पण मग तिथे काहींनी आत जायचं आणि काहींनी नाही, हेही मला नको होतं. पुजारीकाकांपुढे मांडलं. ते दोन दिवसांनी सांगतो म्हणाले.

१४ मार्च

पुजारीकाका: "सगळेच अंतराळातून दर्शन घेतील. आत मी एकटा. कीर्तिमुखावर पाय देताना मलाही बरं नव्हतं वाटत." ते स्वतःही आता कीर्तिमुख टाळून पाऊल टाकतात.

२० मार्च

तीन अंध विद्यार्थी आले. त्यांना हात लावू द्यायचा का, यावर आमच्यातच दोन तट होते. हातांच्या घामानं आणि तेलानं दगड काळवंडतो, हे खरं. न लावू देणं म्हणजे त्यांना मंदिर न दाखवणं, हेही खरं. मार्ग असा काढला: उपमंदिराच्या ज्या ८१ दगडांची जागा ठरत नाही त्यांतले पाच, चांगल्या नक्षीचे, कमरेच्या उंचीवर मांडायचे आणि ते हात लावण्यासाठीच. शेजारी मंदिराची हातानं चाचपता येईल अशी लहान प्रतिकृती, भाग वेगळे करता येणारी.

त्यांच्यातली एक मुलगी मंडपात मधोमध उभी राहून टाळी वाजवत होती. म्हणाली, "इथे छत उंच आहे आणि गोल आहे ना?" वर कोरीव वितान, म्हणजे घुमटासारखं छत आहे. तिनं ते आमच्याआधी ओळखलं. माहितीफलकाच्या मजकुरात आवाजाबद्दल दोन ओळी घालतोय.

६ एप्रिल

रात्री अवकाळी पाऊस. सकाळी पाहिलं तर पिंपळाच्या भिंतीतून उतरवलेल्या नऊ दगडांचे क्रमांक धुऊन गेले होते. रंगाऐवजी खडूनं टाकले होते, "दोन दिवसांत परत बसणारच आहेत" म्हणून. बाफुओनची गोष्ट सांगणारा मीच, आणि खडू चालेल असं म्हणणाराही मीच.

फोटो आणि मापांवरून संध्याकाळपर्यंत नऊही ओळखले. तिसरी प्रत उघडावी लागली नाही. आजपासून खडू आवारात आणायचा नाही.

२ मे

दरजा भरून झाल्या. तुळईवरचा टेकू काढला, नवी काच शाबूत. छतावर चुन्याचा थर, उतार मूळचाच. प्रणाल मोकळा. वर यायचा उतारही उभा राहिला. गवंडीकाकांनी पहिल्यांदा स्वतः चालून पाहिला, मग सायकल घेऊन.

फलक फक्त दोन, आवाराच्या कडेला, मंदिराला एकही खिळा नाही. दिवे मंद आणि उष्णता न देणारे. समोरून झगझगीत प्रकाशझोत मागणारे होते. पण कोरीव दगड बाजूच्या तिरप्या प्रकाशातच वाचता येतो, हे एका संध्याकाळी प्रत्यक्ष दाखवल्यावर मागणी मागे पडली.

गर्दीच्या दिवसांत मंडपात एका वेळी किती जण, हा आकडा अजून ठरवायचा आहे. बोरोबुदुरला आता वर चढणाऱ्यांची रोजची संख्या मर्यादित आहे आणि दगड झिजू नयेत म्हणून खास चपला देतात. आपल्याकडे चपला बाहेरच राहतात, तेवढं बरं. आकडा मोजल्याशिवाय लिहिणार नाही. दारावर एक जण तीन महिने मोजेल.

११ जून

पहिला मोठा पाऊस, दुपारी दोनपासून. सगळे मंडपात जाऊन वर बघत उभे राहिलो. वायव्य कोपरा कोरडा. वीस मिनिटांनी बाहेरून गवंडीकाकांची हाक आली. मकराच्या तोंडातून पाणी पडत होतं, जोत्यापासून लांब, जिथे पडायला हवं तिथेच. आधी गढूळ, मग स्वच्छ.

पावसातच आजी आल्या, सुनेबरोबर, एकाच छत्रीत. उतारावर मधल्या सपाट जागी थांबल्या, कठडा धरून भिंतीवरची नर्तिका नीट बघितली. "ही इथे होती होय?" मग वर गेल्या. अंतराळात बराच वेळ बसल्या.

बाकी: उतारावरच्या फळ्या ओल्या झाल्या की निसरड्या होतात, खरबरीत पट्ट्या लावायच्या, उद्याच. पाच नंबरच्या काचेला बारीक रेघ दिसतेय, भिंग लावून बघायची. ८१ दगडांपैकी उ-१७ आणि उ-६३ एकमेकांना लागतात असं आज पाथरवटकाकांच्या लक्षात आलं, मापं पुन्हा घ्यायची.